पत्ता चुकलेल्या औषधामागे, पालम ते चुडावा

पुण्याला परत येऊन आठवडा झाला, तरी माझ्या बुटांच्या खाचांतली काळी माती काही निघत नाही. ब्रशनं घासून झालं, चमच्यानं खरवडून झालं. आई म्हणते, फेकून दे ते बूट. आमच्या प्रयोगशाळेतली मंडळी परिषदांच्या निमित्तानं परदेशी जातात आणि आल्यावर डबाभर चॉकलेटं वाटतात. मी परभणी जिल्ह्यात चार दिवस राहून आले आणि पिशवीभर जवसाची चटणी वाटली. त्या चार दिवसांत जे झालं ते मात्र चटणीइतकं सहज वाटता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी माझा धंदा सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कॅन्सरवर एक जुनं लाल औषध आहे. गुणी आहे, पण मोकाट. नसेतून दिलं की गाठीला मारतं आणि जाता जाता हृदयालाही दणका देऊन जातं. म्हणून शहाण्या लोकांनी ते चरबीच्या इवल्याशा बुडबुड्यात कोंडलं. इवल्याशा म्हणजे किती, तर एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी शेजारी शेजारी बसतील. ह्यांना आम्ही नॅनोवाहक म्हणतो. वाहक म्हटल्यावर ज्यांना एसटीचा कंडक्टर आठवतो त्यांचं फारसं चुकत नाही; तोही आत कोंबतो आणि थांब्यावर उतरवतो. हे बुडबुड्यातलं औषध दवाखान्यांत केव्हाच आलंय. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या करायच्या आणि उंदरांना टोचायच्या, हे माझं गेल्या सोळा वर्षांचं काम. एवढ्या वर्षांत ते औषध घेतलेलं एकही माणूस मला भेटलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्याचं मला कधी काही वाटलंही नव्हतं.

सोमवार, परभणी

परभणीच्या एका कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय मीच दिला होता: 'औषध थेट पत्त्यावर'. माझ्याकडे ह्या विषयाचं एक लाडकं चित्र आहे. त्यात माणसाच्या आकृतीत वसवलेलं एक गाव, गाठ म्हणजे लाल रंगाचं घर, आणि पाठीवर खोकं घेतलेला हसरा कुरियरवाला त्या घराची घंटी वाजवतोय. हे चित्र मी इतक्या ठिकाणी दाखवलंय की कुरियरवाल्याला आता निवृत्तिवेतन लागू व्हायला हरकत नाही.

शाल, श्रीफळ, टाळ्या, सगळं यथासांग झालं. मग मागच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उठले आणि म्हणाले, "म्याडम, समजा घराला कुलूप असलं, तर ते पार्सल शेजाऱ्याकडं ठेवतेत का?" सगळे हसले. मीही हसले आणि "फार छान प्रश्न" असं म्हणाले. उत्तर येत नसलं की व्याख्यात्यांनी हेच म्हणायचं असतं.

खाली उतरले तर प्रज्ञा उभी. प्रज्ञा माझी कॉलेजातली, हॉस्टेलच्या एकाच खोलीतली मैत्रीण. परीक्षेत तिचा नंबर कायम माझ्या वर, आणि वर असून मला नोट्स द्यायची, म्हणून जास्तच राग यायचा. तिचे वडील पालमला तहसील कचेरीत होते. ते गेल्यावर ती गावी परतली, मेडिकल टाकलं, आणि आता अख्खं पालम तिच्या काउंटरवर कोपर टेकून आपली दुखणी सांगतं.

"अंजे, भाषण बरं झालं," ती म्हणाली. "तो पार्सलवाला लय हसरा काढलायस. आता माझ्याबरोबर चल. आमच्या गल्लीतल्या गयामावशीचं पार्सल तळपायाला गेलंय."

मग तिनं चहाच्या टपरीवर सगळं सांगितलं. गयाबाई पंचावन्नच्या आसपासच्या, मेंढरं पाळणाऱ्या. छातीत गाठ निघाली, नांदेडच्या दवाखान्यात इलाज सुरू झाला, आणि औषध तेच, माझंच, बुडबुड्यातलं लाल. तीन डोस झाले. गाठ चांगली बसत चालली होती. तिसऱ्या डोसानंतर हातापायाच्या तळव्यांची सालं निघाली, पंधरा दिवस बाईला पाऊल टेकवता येईना. चौथा डोस चुकला. आता तळवे भरून आलेत, डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलंय, आणखी उशीर झाला तर गाठ पुन्हा उसळेल असं स्पष्ट सांगितलंय. आणि गयाबाई जात नाहीत.

"म्हणती, रोग छातीत आन औषध पायात. असलं आंधळं औषध मी अंगात घेणार न्हाई. मी समजावून थकले. तिच्या पोटी लेकरू न्हाई, नवऱ्याचं ती ऐकत न्हाई. तूच बनवतीस ना हे? मंग तूच सांग तिला."

माझं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. ते मी रद्द केलं. मोठ्या मनाची वगैरे आहे म्हणून नव्हे हो, नुकत्याच टाळ्या मिळाल्या होत्या. दोनशे लोकांना पटवलं, एका बाईला पटवायला काय लागतंय, असा माझा हिशेब होता.

मंगळवार, पालम

प्रज्ञा दुकानासाठी आदल्या रात्रीच पुढे गेली होती, मी एकटी निघाले. एसटीचा प्रवास सांगत नाही, सगळ्यांनी केलेला असतो. गंगाखेडला गोदावरी ओलांडली आणि पालमला उतरले तेव्हा अंगावर शालीपेक्षा धुळीचा थर जाड होता.

पुण्यात अनोळखी माणूस दिसला की आम्ही विचारतो, "कोण पाहिजे?" पालमात विचारतात, "कुणाच्या तुमी?" स्टँडपासून प्रज्ञाच्या घरापर्यंत मला हे तिघांनी विचारलं. पहिल्या दोघांना मी पुण्याची म्हणून सांगितलं, त्यावर त्यांचं समाधान झालं नाही. तिसऱ्याला "प्रज्ञाच्या" म्हटल्यावर त्यानं माझी बॅग उचलून थेट दारात आणून ठेवली. चाकांची बॅग उचलून का नेली ते मला त्या रस्त्याकडे बघितल्यावर कळलं.

प्रज्ञाच्या आईला मी "जय भीम, काकू" म्हटलं, त्यांनी गालावरून हात फिरवला आणि जेवायलाच बसवलं. धपाटे, कवडीचं दही, जवसाची चटणी. चौथा धपाटा नको म्हणाले तर काकू म्हणाल्या, "पुण्यात नको म्हणलं की नको असतंय का? इथं नको म्हणलं की अर्धा असतंय." अर्धा म्हणून जो आला तो माझ्या हिशेबानं पाऊण होता.

जेवून गयाबाईंच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"ती कालच गेली की. चुडाव्याकडं मेंढरं बसवल्यात, तिकडं."

"आगं पण तिला म्हणलं होतं ना मी, माझी मैत्रीण यायलीय म्हणून!" प्रज्ञा म्हणाली.

"म्हणून तर गेली. म्हणली, पुण्याहून डाक्टरीन यायलीय, मी काय सापडत न्हाई तिला."

माझ्या आयुष्यात माझ्या व्याख्यानातून लोक उठून गेले आहेत. व्याख्यानाच्या धास्तीनं नदी ओलांडून पळालेल्या ह्या पहिल्याच. शिवाय मी औषधातली डॉक्टर, सुई टोचणारी नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर प्रज्ञा म्हणाली, "गप बस. आता ते सांगितलंस तर ती रेल्वेत बसून निजामाबादला जाईल."

बुधवार, चुडाव्याकडे

मेंढरं बसवणं म्हणजे काय ते मला सकाळी स्कुटीवर मागे बसल्या बसल्या समजलं. पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतात, कळप रात्री त्यांच्या रानात बसतो, रानाला खत मिळतं. मग पुढचं रान. पुढचं रान कुठलं, हे मात्र कळपाशिवाय कुणाला ठाऊक नसतं. गोदावरी ओलांडून आम्ही पूर्णेच्या बाजूला आलो आणि विचारत विचारत निघालो.

मी मोबाइलवर नकाशा उघडला. एका फाट्यावर चहा विकणाऱ्या बाईनं तो बघितला, "छान हाय" म्हणाल्या, मग रस्त्यावरची एक लेंडी चिमटीत धरून दाबली. "ओली हाय. सकाळच्याच गेल्यात. अशा वर जावा." आम्ही वर गेलो. पुढच्या फाट्यावर प्रज्ञानं लेंडी दाबली. तिसऱ्या फाट्यावर, वाचकहो, मी दाबली. सोळा वर्षं मी लाखांच्या यंत्रांवर कणांचा ताजेपणा मोजते आहे. इतका चटकन निकाल मला कधी मिळाला नव्हता.

चुडाव्याचं स्टेशन मागे टाकलं आणि एका पाटाच्या कडेला स्कुटी रुतली. मी ढकलायला उतरले आणि मीही रुतले. ती काळी माती एकदा बूट धरते ती आईनं माहेरी आलेल्या लेकीला धरावं तशी, सोडायलाच तयार नाही. एक पाय मोज्यात, एक बुटात, मातीनं भरलेला दुसरा बूट हातात अशा अवस्थेत मी तूर निघालेल्या त्या रानात पोचले. समोर शे-दीडशे मेंढरं, चार-सहा शेळ्या, भांड्याकुंड्यांचं ओझं उतरवून उभी असलेली एक पांढरी घोडी, आणि बाभळीखाली बसलेल्या गयाबाई. आम्हाला बघताच त्यांनी लुगडं ओढून पाय झाकले.

"आलाव का? आता आलाव तर बसा. च्या घ्या. औषधाचं नाव तेवढं काढायचं न्हाई."

त्यांचे यजमान बळीराममामा हसून म्हणाले, "म्या सांगितलतं तिला, पळून फायदा न्हाई, मेंढराचा माग लपत नसतोय."

शेळीच्या दुधाचा चहा आला. दाट, किंचित खारट, आणि दुसरा कप मागण्याजोगा. चहा पिऊन मी कामाला लागले. माझ्याकडे व्याख्यानाचे छापील कागद होते, ते उलगडून मी कुरियरवाला दाखवला. पाठीवर खोकं, लाल घर, घंटी. गयाबाईंनी चित्र नीट बघितलं.

"हा कोन?"

"हे औषध. हे थेट गाठीकडे जातं."

"मंग माझ्या पायाकडं कोन आलतं? ह्याचा भाऊ?"

मी घसा खाकरला. थोडं औषध वाटेत सांडू शकतं, असं काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "सांडलं मंजी पार्सल फुटलं की. फुटकं पार्सल मी कामून घेऊ?" तेवढ्यात मागून एका शेळीनं कागद ओढले आणि शांतपणे खायला सुरुवात केली. प्रज्ञा म्हणाली, "बघ अंजे, कुणीतरी तुझं भाषण पचवलं बाई." सगळे हसले, गयाबाईसुद्धा, आणि हसताना त्यांचा पाय लुगड्याबाहेर आला.

तळवा खरंच भरून आला होता. नवी, गुलाबी, पातळ कातडी. पण नखं? पाचही नखं शेंदरी. इतकी पक्की शेंदरी की कातडी गळून गेली तरी रंग गेला नव्हता.

"मावशी, मेंदी कधी लावली होती?"

"तिसऱ्या डोसाच्या आदल्या दिशी."

"कशाला?"

"कशाला मंजी? तळव्याची आग आग व्हायली होती. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलतं, हातपाय थंड ठेवा. आता मेंदीवून थंड काय हाय ह्या जगात?"

प्रज्ञानं कप खाली ठेवला. "मंजी तिसऱ्या डोसाच्या आधीच आग होती तुला?"

"हाव की. दुसऱ्याच्या मागंच लागली."

"डाक्टरला सांगितलंस?"

गयाबाई शेजारच्या करडाचा कान कुरवाळायला लागल्या. "त्यांनी इचारलं की. आग होती का, तळवे दाखवा म्हणले. म्या म्हणलं, कशाची आग? तळवे बेस हायत. आन दाखवले. ते म्हणले, मेंदी लय रंगली मावशी, घरी लगीन हाय का? म्या म्हणलं, हाव, पुतणीचं."

"आणि पुतणीचं लग्न होतं?" मी विचारलं.

"पुतणीला दोन लेकरं हायत," बळीराममामा मान वर न करता म्हणाले.

आम्ही दोघी डोक्याला हात लावून बसलो. तळवे लाल होतात का, हे बघूनच डॉक्टर पुढचा डोस ठरवतात. लाल दिसले तर थांबतात, डोस कमी करतात. आणि ह्या माउलीनं लालीवर लाली चढवून तळवे पुढे केले होते! पूर्ण डोस मिळाला, तळव्यांची सालं निघाली.

"पण लपवलंत का हो?" माझा आवाज जरा चढलाच.

"लपवलं न्हाई, सोसलं," त्याही चढल्या. "सांगितलं असतं तर म्हणले असते, पुढच्या हप्त्यात या. ह्यांनी मेंढरं दुसऱ्याच्या गळ्यात घालून मला नेलतं. म्हणलं थोडं सोसावं, इलाज व्हावा. मला काय मालूम, ते औषध असं आंधळ्यावानी पायात घुसतंय? तुमाला तर मालूम होतं ना?"

हो, मला मालूम होतं. पुस्तकात ती एक ओळ आहे: हातापायाच्या तळव्यांना त्रास होऊ शकतो. मी ती दरवर्षी विद्यार्थ्यांना दोन मार्कांना विचारते. पण माझ्या लाडक्या चित्रात तळवे नव्हतेच. माझा माणूस घोट्याशीच संपत होता. मला फार लाज वाटली, आणि मी ती त्यांना तशीच बोलून दाखवली. चुलीवरून भाकरी उतरवून गयाबाईंनी माझ्यापुढे ठेवली, वर ठेचा. राग असला तरी पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, हा इकडचा दस्तूर. ठेचा रागाच्या मापानं तिखट होता.

दुपार कलली तशी रानात एक गडबड झाली. एका मेंढीचं कोकरू सकाळी मेलेलं जन्माला आलं होतं. ती नुसती ओरडत होती, आचळ तटतटलेलं. दुसरीकडे एका मेंढीला जुळी झाली होती आणि दूध एकापुरतंच. बळीराममामांनी त्यातलं एक कोकरू उचलून पहिलीपुढे धरलं. तिनं हुंगलं आणि अशी ढुशी मारली की कोकरू चार हात लांब. मामांनी एक पोतं आणलं, ज्यावर तिचं मेलेलं पिल्लू सकाळपासून ठेवलेलं. त्या पोत्यानं त्यांनी जित्या कोकराला डोक्यापासून शेपटीपर्यंत खसाखसा पुसून काढलं.

"मामा, हे काय?"

"वास लावायलोय. आता बगा."

कोकरू पुन्हा पुढे केलं. मेंढीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग चाटायला लागली, आणि कोकरू आचळाला लागलं.

मी अक्षरशः ओरडले. "मावशी, अहो हेच! आमच्या बुडबुड्याला आम्ही हेच करतो!" मग मी, चित्राबित्राशिवाय, मातीत बसून सांगितलं. अंगात पहारेकरी असतात, परकं काही आलं की ते त्याला गिळतात. म्हणून बुडबुड्याला वरून एक लेप देतात. लेपामुळे पहारेकऱ्यांना ते परकं वाटत नाही, आणि औषध रक्तात कितीतरी दिवस हिंडत राहतं.

गयाबाई पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होत्या. "मंजी आपलंच लेकरू म्हणून हिंडतंय. बरं. आन गाठीत कसं जातंय ते?"

"गाठ घाईघाईनं वाढलेली असते. तिच्या रक्ताच्या नळ्या कच्च्या, जागोजाग फटी. त्या फटींतून बुडबुडे आत झिरपतात."

"कुंपण मोडलंय तिथून घुसतंय, असं म्हणा की."

"हो, तसंच."

"मंग पत्ताबित्ता काय न्हाई त्याला," गयाबाई म्हणाल्या. "आमच्या मेंढरावानीच हाय. जिकडं कुंपण मोडकं, तिकडं तोंड."

माझा कुरियरवाला तिथेच सेवानिवृत्त झाला. सोळा वर्षांत माझ्या विषयाचं इतकं नेमकं वर्णन मी ऐकलं नव्हतं, आणि मी ते स्वतः कधी केलंही नव्हतं. "नाही मावशी," मी म्हणाले, "पत्ता नाही त्याला."

त्यांनी आपला पाय मांडीवर घेतला आणि नव्या कातडीवरून अंगठा फिरवला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "डोस झाला की दुसऱ्या दिशी मेंढरामागं निघाले मी. दिवसभर, उन्हात, ढेकळातून. औषध रगतात हिंडायलंय आन मी तळवे घासायलेय. आवो, पायाचं कुंपण मीच मोडलं की!"

"थोडं तुम्ही, थोडं औषधानं," मी म्हणाले. "ते मेंदीच्या आड कुणाला दिसलं नाही. ह्या वेळी डोस कमी करता येईल, आणि नंतरचे काही दिवस चालायचं नाही, उन्हात जायचं नाही. नेमके किती ते डॉक्टर सांगतील."

"आन मेंढरामागं कोन चालंल? तुमी?"

सगळ्यांनी माझ्या एका बुटाकडे आणि एका मोज्याकडे बघितलं. तो विषय संपला. पण प्रश्न खराच होता. कळप उद्या-परवा उठणार, पुढच्या रानाला जाणार. पुढे मामा, मागे गयाबाई, असंच तीस वर्षं चाललेलं. मागचं माणूस नसलं तर मेंढरं पांगतात.

बळीराममामा कोकराला कुरवाळत म्हणाले, "घोडीवर बस."

"काय?"

"घोडीवर बसून मागं मागं ये. पाय टेकायचं कामच न्हाई."

"आगं माय! म्हातारी नवरदेव झाली म्हणतील लोकं!"

"मुंडावळ्या मी बांधते, मावशी," प्रज्ञा म्हणाली. "मेडिकलात पट्ट्या लय हायत."

"घोडीवर भांडी असत्यात, कोंबड्या असत्यात. माझं वजन ती घेईल का?"

"भांडी म्या घेतो डोक्यावर," मामा म्हणाले. मग आवाज बारीक करून, कोकराकडेच बघत म्हणाले, "तुझ्याबिगर मला मेंढरं वळत न्हाईत गया. मागं बघितलं आन तू नसलीस तर मी काय करू?"

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी त्याच उठल्या, घोडीपाशी गेल्या, आणि म्हणाल्या, "मंग चढवा की. नुसतं बोलताव."

चढवताना जे झालं त्याचं वर्णन करायला शब्द कमी पडतील. मामा एका बाजूनं ढकलत होते, प्रज्ञा दुसऱ्या बाजूनं ओढत होती, कोंबड्या कलकलाट करत होत्या, मी लगाम म्हणून जे धरलं ते घोडीचं नव्हे, शेळीचं दावं निघालं. घोडी चार पावलं चालली आणि गयाबाई किंचाळल्या. आठ पावलं चालली आणि गप्प झाल्या. बांधापर्यंत जाऊन वळल्या तेव्हा डोक्यावरचा पदर सावरून वरून सगळ्या कळपाकडे बघत होत्या. "आगं, इथून तर समदी मेंढरं दिसत्यात," म्हणाल्या, आणि उतरा म्हटलं तर उतरायला तयार होईनात.

उतरल्यावर माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "उद्या येते मी. पण तुमी बी चला ताई. त्या डाक्टरपुढं मला एकटीला बोलायची लाज वाटायलीय."

गुरुवार, नांदेड

चुडाव्याहून रेल्वेनं नांदेड जवळ आहे; मामा मेंढरांपाशी थांबले, प्रज्ञा दुकानाला परतली, आम्ही दोघीच निघालो. गाडी उशिरा आली आणि तेवढ्या वेळात गयाबाईंनी फलाटावरच्या चार बायकांना कुंपणाची गोष्ट सांगून टाकली. माझ्यापेक्षा चांगली सांगितली.

दवाखान्यात डॉक्टरांनी "कसं आहे मावशी?" विचारलं. गयाबाईंनी चपला काढल्या, पाय स्टुलावर ठेवला, दोन्ही हात पालथे, उताणे करून दाखवले आणि एका दमात म्हणाल्या, "मागल्या बारीला मी लबाड बोलले. आग व्हायली होती. पुतणीचं लगीन नव्हतं. तिला दोन लेकरं हायत."

डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले. बॅटरी घेऊन त्यांनी दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, हात, तोंड, सगळं निरखलं. दुसऱ्या डोसानंतर आग कुठे होती, किती दिवस होती, विचारून सगळं लिहून घेतलं. रक्ताचे रिपोर्ट बघितले. आज डोस द्यायचा, पण कमी करून, आणि पुढचा जरा लांबवून, असं ठरवलं. घोडीचं ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि "चालेल, पण छत्री धरून" म्हणाले.

मग ती पिशवी आली. लाल, आरपार दिसणारी. आमच्याकडे हे औषध मी बोटाएवढ्या कुपीत बघते, उंदराला थेंबभर पुरतं. इथे पिशवी भरून होतं, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला गयाबाईंचा हात होता, सुरकुतलेला, मनगटावर हिरवं गोंदण. औषध तिकडे कमी जावं म्हणून परिचारिकेनं बर्फाच्या पिशव्या त्यांच्या तळव्यांना, तळपायांना बांधल्या, नळीची कळ सोडली. पहिला थेंब खाली आला.

मला वाटलं होतं अभिमान वाटेल. मला भीती वाटली. एवढ्या वर्षांत आम्ही जे जे मोजलं, आलेख काढले, शोधनिबंध छापले, त्यातल्या कशानंही हा थेंब आता कुठे वळेल ते मला सांगता येत नव्हतं. गाठीत किती जाईल, तळव्यात किती. आणि ह्या बाईनं माझ्या भरवशावर हात पुढे केला होता. माझे डोळे भरून आले, रुमाल काढेपर्यंत गालावर ओघळलं.

"ह्यो काय परकार?" गयाबाई म्हणाल्या. "औषध मला चढायलंय का तुमाला? रडायलाव कामून?"

"मावशी," मी म्हणाले, "हे आत जाऊन नेमकं कुठं कुठं जाईल, ते मला खरंच सांगता येत नाही हो."

त्यांनी सुई नसलेला, बर्फ बांधलेला हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. गार गार पिशवीसकट.

"न्हाई येत तर ऱ्हाऊ द्या. कुठं कुठं गेलं, ते म्या सांगते की तुमाला."